‘हृदय निकामी होणे’ हा शब्दप्रयोग आणि घरातला ‘जीव’

‘हार्ट फेल्युअर’ या आजाराला मराठीत सर्रास ‘हृदय निकामी होणे’ असे म्हटले जाते. हा शब्दप्रयोग बदलावा, असे मला मनापासून वाटते. निकामी म्हणजे कामातून गेलेले, ज्याचा आता उपयोग नाही असे. या आजारात हृदय थांबलेले नसते. शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते, किंवा त्याच्या भिंती ताठर झाल्यामुळे ते पुरेसे भरत नाही. म्हणूनच धाप लागते, पायांवर सूज चढते आणि रात्री एका उशीच्या दोन, दोनाच्या तीन उशा होतात. आजार गंभीर आहे यात शंका नाही, पण औषधे, मिठावर ताबा आणि रोजचे वजन यांच्या आधारे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगतात.

हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबून स्नायूचा काही भाग मरणे आणि हृदयक्रिया बंद पडणे म्हणजे हृदयाचे रक्त ढकलण्याचे काम अचानक थांबणे. या दोन्हींपासून हा आजार वेगळा आहे.

माझ्या वडिलांना हाच आजार आहे. त्यांच्या टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ‘इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के’ असे लिहिलेले होते, म्हणजे हृदयाच्या कप्प्यातले ३० टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते. ‘निकामी’ हा शब्द कानावर पडलेलाच होता, त्यामुळे शंभरातले सत्तर गेले, असा अर्थ आईने लावला. वास्तविक निरोगी हृदयसुद्धा डाव्या खालच्या कप्प्यातले सगळे रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. तुलना करायची ती या आकड्याशी. हे कळल्यावर भीती संपली नाही, पण तिचे माप बदलले. ‘हृदय दुर्बल होणे’ असे म्हटले असते, तर निदान पहिल्या दिवशीच तिने आशा सोडली नसती.

घरात मात्र ‘हृदय’ हा शब्द क्वचितच उच्चारला जातो. तिथे सारा कारभार ‘जीव’ या शब्दावर चालतो. ‘जीव घाबरा होतोय’ असे वडील म्हणतात तेव्हा ती आजाराची तक्रार असते आणि त्यांच्या उशाशी बसलेली आई तेच वाक्य उच्चारते तेव्हा ती काळजी असते. डॉक्टरांना विचारून घ्यावे लागते की घाबरा म्हणजे धाप, धडधड की नुसती भीती. जीव लावणे, जीव टाकणे ही प्रेमाची रूपे. जीव जाणे, जीव सोडणे ही मरणाची. ‘टाकणे’ आणि ‘सोडणे’ एरवी किती जवळचे, पण जिवाला जोडले की एक मायेकडे जाते आणि दुसरे मृत्यूकडे.

‘जीव अडकणे’ या प्रयोगात तर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. वडील एकदा आईला म्हणाले, ‘‘माझा जीव तुझ्यात अडकलाय गं.’’ त्यावर ती पटकन म्हणाली, ‘‘असं अभद्र बोलू नका.’’ अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाविषयी हा प्रयोग नेहमी ऐकू येत असल्याने तिला त्यात मरण दिसले. वडिलांना फक्त ओढ सांगायची होती. माझ्या मते त्यांचा वापर पूर्णपणे शुद्ध आहे, कारण लेकरात किंवा घरात जीव अडकतो तो धडधाकट माणसाचाही. आजारी माणसाच्या तोंडी हा प्रयोग आपण कसा ऐकता, हे जाणकारांनी उदाहरणांसह लिहावे.