ऑनलाइन घेतलेली पेटी (हार्मोनियम) खराब निघाली, पिकअप होत नाही. मदत हवी आहे

आमच्या खंजिरी भजन मंडळासाठी वर्गणी करून ऑनलाइन पेटी मागवली, ९,४०० रुपयांची. गाव यवतमाळ जिल्ह्यात. कुरिअर गावात येत नाही, तालुक्याहून मोटरसायकलवर आणली. खोकं उघडतानाचा व्हिडिओ आहे.

मधल्या सप्तकातली काळी चार पट्टी न दाबताच वाजत राहते. भाता भरून सोडला, एकही पट्टी दाबली नाही, तरी सात-आठ सेकंदांत रिकामा. वरची फळी काढून पाहिली: पट्टीच्या स्प्रिंगची तार जागेवर, कचरा नाही, पण पट्टीखालचं चामडं एका बाजूनं उचललेलं दिसते. त्याला हात लावला नाही.

तिसऱ्याच दिवशी ॲपवर परतीची विनंती टाकली, मंजूरही झाली. पण पिनकोडवर पिकअप नाही म्हणून दोनदा आपोआप रद्द. विक्रेता म्हणते, स्वतः पाठवा, नाहीतर १,२०० रुपये घ्या अन् पेटी ठेवा. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, ४८ तासांत पोच यायला पाहिजे, आज सहावा दिवस. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, अजून फोन केला नाही.

इकडे पारावर चर्चा, की मास्तरनं (म्हणजे मी) स्वस्तातली घेऊन बाकीचे खाल्ले. बिल दाखवलं तरी कोणी पाहत नाही.

पुण्यतिथीच्या भजनाला वीस दिवस उरले, त्यामुळे दोनच गोष्टी सांगा. स्वतः कुरिअरनं पाठवली तर भाडं परत मिळवायला आधी लेखी काय घ्यावं? आणि इथंच कारागिराकडून चामडं बदललं तर परतीचा हक्क जाते काय?