१५ ऑगस्टचा बोर्ड आणि चाराण्याची मेंबरशिप

ए-३०४ (सेक्रेटरी): गुड मॉर्निंग. १५ ऑगस्टला झेंडावंदन सकाळी ७:३० ला, खाली पार्किंगमध्ये. गाड्या आदल्या रात्रीच काढून ठेवा प्लीज. नोटीस बोर्डावर पोरांसाठी थोडी माहिती लावायची आहे, कोणी लिहून द्या. वर्गणी घरटी २०० रु.

बी-१०२: लिहा काँग्रेसनं स्वातंत्र्य मिळवून दिलं, झालं

सी-४०१: काहून भाऊ, बाकीचे काय झोपून राहिले होते? भगतसिंग, आझाद हिंद सेना, ४६ चं मुंबईचं नौदलाचं बंड? इंग्रज महायुद्धात कंगाल झाले म्हणून गेले, ठराव पास करून कोणी जात नाही

बी-१०२: ग्रुपवर राजकारण नको

सी-४०१: तुमीच सुरू केलं ना बाप्पा 😄

बी-२०३ (काकाजी): आता बोलू द्या मले. रोज काँग्रेसनगरातून ये-जा करता, ते नाव कशावरून पडलं माहीत आहे का, डिसेंबर १९२० चं काँग्रेसचं नागपूर अधिवेशन. त्याच्या आधी काँग्रेस मतलब काय, तं वकील मंडळी डिसेंबरच्या सुट्टीत जमायची, भाषणं, ठराव, मग पुढच्या डिसेंबरपर्यंत राम राम (थोडं वाढवून सांगून राहिलो, टिळकांसारखे होतेच त्यात). नागपुरात गांधींनी घटनाच बदलून घेतली, वर्षाला चाराणे भरा अन् मेंबर व्हा, खाली गावापासून कमिट्या, वर १५ लोकांची वर्किंग कमिटी जी वर्षभर काम पाहील. प्रांत पण भाषेप्रमाणे पाडले, म्हणजे इंग्रजांचं सीपी अँड बेरार (मध्य प्रांत अन् वऱ्हाड) एकच, पण काँग्रेसच्या हिशोबात मराठी नागपूर वेगळं, वऱ्हाड वेगळं, जबलपूरकडचं हिंदी वेगळं. कास्तकाराला त्याच्या भाषेत बोलणारी कमिटी मिळाली. मी ३२ वर्षं हिशोबाचं काम केलं, माझं म्हणणं एवढंच की भाषणानं गर्दी जमते, पण पुढच्या वर्षी तेच लोक परत पायजे असतील तं पावतीबुक लागते

ए-५०२ (मॅडम): काकाजी 👌 अध्यक्ष टिळक व्हावेत अशी इथल्या लोकांची फार इच्छा होती, पण ते १ ऑगस्टलाच गेले. मग इथले पुढारी डॉ. मुंजे यांनी अरविंद घोषांना विचारलं, ते नाही म्हणाले. शेवटी विजयराघवाचारी झाले. आणि जिनांनी इथेच असहकाराला विरोध केला, सभेत आरडाओरडा झाला, त्यानंतर ते काँग्रेसमधून बाहेरच पडले. हेही सांगायला हवं, नुसतं गोड गोड नको

सी-४०१: बरं मॅडम, मग चौरीचौऱ्याचं पण सांगा. २२ साली पोरं कॉलेजं सोडून बसली होती, तिथं जमावानं पोलीस ठाणं जाळलं अन् गांधींनी असहकाराचं आंदोलनच मागे घेतलं. आणि ४२ ला पुढारी ९ ऑगस्टलाच आत, चिमूरमध्ये १६ तारखेला इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला तो लोकांनी स्वतः केला ना

बी-२०३ (काकाजी): चौरीचौऱ्यावर तेव्हाही खूप लोक चिडले होते, मी काही बचाव करत नाही. पण चिमूरच्या लोकांपर्यंत गोष्ट पोचली कशी? तुकडोजी महाराजांची भजनं होती, आणि वीस वर्षं गावोगावी फिरणारे खादीवाले होते. पुढारी आत गेले तरी काम चालते याला संघटना म्हणतात. आपल्या इथं सेक्रेटरी गावाला गेले की मोटर कोणी सुरू करत नाही

ए-३०४ (सेक्रेटरी): 🙏 मुद्द्यावर या

बी-२०३ (काकाजी): आणि भांडणं तं विचारूच नका, ३७ ला इथं काँग्रेसचं सरकार आलं, वर्षभरात त्याचे प्रमुख डॉ. खरे यांना जावं लागलं अन् रविशंकर शुक्ल आले. एकट्या पार्टीनं इंग्रज घालवले असं मी पण म्हणत नाही, युद्ध होतंच, नौदलाच्या पोरांनी धडकी भरवली हेही खरं. पण ४७ ला इंग्रज गेल्यावर कारभार हातात घ्यायला कोणी तयार पायजे ना

सी-४०१: हे मान्य. पण बोर्डावर एकट्या पार्टीचं नाव नको

ए-५०२ (मॅडम): मग झेंडा सत्याग्रह लिहू? १९२३, आपल्या नागपूरचा. तिरंगा (मध्ये चरखा होता तेव्हा) घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी होती, १ मे पासून रोज तुकड्या निघायच्या आणि रोज पकडल्या जायच्या. जमनालाल बजाज आत गेले, मग वल्लभभाई आले, बाहेरच्या प्रांतातून लोक येऊन इथल्या जेलात बसले. १८ ऑगस्टला मिरवणूक झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून गेली. पोरांना तो रस्ता माहीत आहे

सी-४०१: हे मस्त आहे. लिहा मॅडम

बी-१०२: 👍 २०० गूगल पे केले

बी-२०३ (काकाजी): माझे पण घ्या, कॅश. पावती मात्र पायजे

ए-३०४ (सेक्रेटरी): काकाजी पावतीबुक संपलं आहे, सोमवारी देतो