जुन्या मराठी फाइली ब्राउझरमध्येच उलगडाव्यात का?

अक्षरवेडा:
आमच्या वाचनालयाची सभासदयादी जुन्या डीबीएफ फाइलीत (जुन्या डेटाबेसची फाइल) आहे, मजकूर इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं १९९१ चं भारतीय मानक). ती वाचणारं वेब-ॲप लिहितोय. माझं ठाम मत: फाइल सर्व्हरवर पाठवूच नये. त्यात लोकांचे पत्ते आहेत. ब्राउझरला बाइट (फाइलीतले ० ते २५५ मधले आकडे) वाचता येतात, मग यादी घराबाहेर कशाला? हेडर, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, मात्र जपून वाचा. नोंदींची संख्या चार बाइटांत असते, लहान बाइट आधी. डेटाव्ह्यूला (ब्राउझरचं बाइट वाचायचं साधन) तसं बजावलं नाही, तर १,२०० सभासदांचे २९५ कोटी होतात.

पाटावरवंटा:
नाही पटत. ब्राउझरच्या टेक्स्टडिकोडरला (बाइटांची अक्षरं करणारं साधन) इस्की येत नाही, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर हा तक्ता तुम्हीच लिहिणार. तो चुकला तर? सर्व्हरवर मूळ फाइल असेल तर तक्ता सुधारून पुन्हा चालवता येतं. माझ्या एका कामात अशी फाइल यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची आजची पद्धत) समजून वाचली आणि तीच सेव्ह केली. इस्कीत क म्हणजे १७९, ख म्हणजे १८०. दोन्हींच्या जागी एकच काळं प्रश्नचिन्ह. मूळ फाइल पुसलेली होती. ती नावं कायमची गेली.

अक्षरवेडा:
वाईट झालं. पण हे सर्व्हरवरही झालंच असतं. ब्राउझर मूळ फाइलीला हात लावत नाही, ती डिस्कवर तशीच राहते. आणि युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच आखलेली, त्यामुळे तक्ता बराचसा एकास एक आहे.

नुक्ता_हलन्त:
त्या ‘बराचसा’मध्येच सगळी मेख आहे. इस्कीत चंद्रबिंदूनंतर नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आला की ॐ होतो. लागोपाठ दोन हलन्त (पाय मोडायची खूण) आले की पाय मोडलेलं अक्षर सुटं दाखवायचं असतं. म्हणजे पुढचा बाइट बघितल्याशिवाय आधीचं अक्षर ठरत नाही. शिवाय आपला ऱ! त्याला वेगळा क्रमांक आहे, २०८. तो २०७ च्या र मध्ये ढकलला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, कऱ्हाड्यांचं आडनाव बिघडतं. ही चूक यंत्राला कळत नाही, ग्रंथपालबाईंना एका नजरेत कळते. म्हणून मी ब्राउझरच्या बाजूने: त्यांच्यासमोर नाव दाखवा, शेजारी मूळ बाइट.

पाटावरवंटा:
शेजारी बाइट दाखवणं मान्य, ते हवंच. सुधारलेला तक्ता सर्व्हरवरून सगळ्या वाचनालयांना द्या, फाइल राहू दे त्यांच्याकडे. पण वाचनालयात संगणक एकच असतो. त्याची डिस्क गेली तर?

अक्षरवेडा:
प्रत हवीच, त्यावर वाद नाही. ब्राउझरमध्येच कुलूपबंद करून ती वर पाठवता येईल, किल्ली वाचनालयाकडे. पुढच्या आठवड्यात तेवढा भाग लिहून इथे टाकतो. दोनदा हलन्त आलेल्या नोंदी कुणाकडे असतील तर नावं-पत्ते काढून फक्त ते बाइट द्या.