मदत हवी आहे: कोळशाचा कोअर दाबासकट वर काढण्याबद्दल

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. उमरेड-कामठी भागात कोळशाच्या बोअरहोलवर साइट जिऑलॉजिस्ट आहे. अडचण सीममधल्या, म्हणजे कोळशाच्या थरातल्या, मिथेनच्या मोजणीची आहे.

पाण्याने भरलेल्या भोकात ६०० मीटरवर साधारण ६० बार दाब असतो. वायरलाइनने (तारदोराने) इनर ट्यूब, म्हणजे कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) धरणारी आतली नळी, वर ओढायला लागलो की दाब उतरतो आणि वायू सुटायला लागतो. ट्यूब उघडून कोळसा कॅनिस्टरमध्ये (वायू मोजायच्या हवाबंद डब्यात) भरेपर्यंत ओल्या कोळशावर क्लीटच्या (कोळशातल्या नैसर्गिक भेगांच्या) रेषांनी बुडबुडे येताना डोळ्यांनी दिसतात, कान जवळ नेला तर तडतड ऐकू येते. हा गेलेला वायू आपण अंदाजाने भरून काढतो: कोअर भोकात निम्म्यावर आला ती वेळ शून्य धरायची, कॅनिस्टरमधली सुरुवातीची रीडिंग वेळेच्या वर्गमुळावर मांडायची आणि रेषा मागे शून्य वेळेपर्यंत न्यायची. कोळसा टणक आणि ट्यूब झटपट वर आली असेल तर चालून जातं. भुसभुशीत, चुरा झालेल्या सीममध्ये मात्र वायू इतका भराभर निघतो की रेषा कुठून ओढली त्यावर उत्तर बदलतं. हाच आकडा पुढे भूमिगत खाणीच्या हवेच्या हिशोबात जातो, तिथे माणसं उतरणार असतात. म्हणून मला तो अंदाजावर सोडवत नाही.

प्रेशर कोअर बॅरलमध्ये कोअर आत ओढला की खालचा बॉल व्हॉल्व्ह फिरून बंद होतो आणि तळातला दाब तसाच वर येतो. २०१५ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ‘चिक्यू’ जहाजावरून गॅस हायड्रेटसाठी (समुद्रतळाच्या गाळातला बर्फासारखा गोठलेला वायू) अशी बॅरल वापरली होती. तिथे गाळ मऊ होता. आपल्याकडे बराकर या कोळसाधारी खडकगटाचा वाळूखडक आणि मध्ये ठिसूळ कोळसा.

जमिनीवरच्या रिगवर हे कुणी केलंय का? कोळशाची भुकटी बॉलच्या सीटमध्ये अडकून व्हॉल्व्ह अर्धवट राहतो का, आणि राहिला तर ते वर येण्याआधी कळतं कसं? बॅरलची भिंत जाड असल्याने एचक्यू या ठराविक मापाच्या भोकात बसणारा कोअर किती बारीक निघतो? आणि वर आल्यावर दाब थेट मोजणीच्या नळीत हळूहळू सोडता का, की आधी दुसऱ्या भांड्यात नेता?

किमतीपेक्षा मला प्रत्यक्ष हाताळलेल्यांचा अनुभव हवाय, फसलेला असला तरी सांगा. पुढचं भोक किती व्यासाचं घ्यायचं ते रिग लागण्याआधी कळवायचं आहे, नंतर केसिंग बदलता येणार नाही.