बुरशी आलेला मका धुऊन आणि शिजवून खाण्यायोग्य होतो का?

प्रश्न

नमस्कार. काढणीच्या दिवसांत पाऊस लागून राहिल्यामुळे आमचा मका पुरेसा वाळला नाही आणि तसाच पोत्यांत भरावा लागला. दोन महिन्यांनी पाहिले, तेव्हा तळाच्या पोत्यांतील दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी चढली होती आणि कुबट वास येत होता. घरातील वडीलधाऱ्यांचे मत असे, की दाणे धुऊन कडक उन्हात घातले आणि पीठ नीट शिजवले की दोष राहत नाही. फारच बिघडलेला भाग गाईला घालावा. घरात दीड वर्षाचे मूल आहे, त्यामुळे हा निर्णय मला अंदाजावर सोडवत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

येथे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात: बुरशी आणि बुरशीने दाण्यात सोडलेले विष. आपण वर्णन केलेला रंग अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीशी जुळतो आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकते. उन्हात वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते व शिजवण्याने ती मरते, परंतु हे विष 200 अंश सेल्सिअसच्या पुढेही बऱ्याच अंशी टिकते, आणि पाणी तर 100 अंशांनाच उकळते. म्हणून शिजवण्यावर भिस्त ठेवता येत नाही. या विषाचा शोधही 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावल्यानंतर लागला. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत ते होते. म्हणजे तेल काढण्याच्या सर्व प्रक्रियेतून जाऊनही ते नष्ट झाले नव्हते.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण धोका किती गंभीर आहे हेही घरातील मोठ्यांना सांगावे. केनियात 2004 साली दूषित मक्यामुळे 317 जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि त्यांपैकी 125 जणांचा मृत्यू झाला. त्यातील बराचसा मका लोकांनी स्वतः पिकवून घरातच साठवलेला होता. अशी तीव्र विषबाधा विरळा. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात जाणे हे अधिक सर्रास घडते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, आणि ज्यांना हिपॅटायटिस बीचा दीर्घकालीन संसर्ग आहे त्यांच्यात तो धोका अनेक पटींनी वाढतो. बाळाची ती लस राहिली असल्यास अवश्य पूर्ण करावी. लहान मुलांच्या खुंटलेल्या वाढीशीही या विषाचा संबंध आढळला आहे.

तिसरा प्रतिसाद

गाईबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. दूषित दाणा खाल्लेल्या गाईच्या शरीरात या विषाचे रूप बदलते आणि त्याचा काही अंश अफ्लाटॉक्सिन एम 1 म्हणून एका दिवसाच्या आत दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो जात नाही. म्हणजे बाळाच्या ताटातून जे बाजूला काढले, तेच त्याच्या पेल्यात येईल. असे खाद्य आधीच घातले गेले असेल तर ते लगेच बंद करावे. त्यानंतर काही दिवसांत दुधातील अंश ओसरतो.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. तळाची पोती आता वापरणार नाही. मात्र वरच्या पोत्यांतील दाणे स्वच्छ दिसतात आणि वासही नाही. ते निवडून घेतले तर चालतील का?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

निवडण्याचा उपयोग निश्चित होतो, कारण हे विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. पुष्कळदा मोजक्या दाण्यांतच त्याचा मोठा साठा असतो. फुटके, किडके, सुरकुतलेले आणि डागाळलेले दाणे दळण्यापूर्वीच काढावेत, कारण पिठात ते ओळखता येत नाहीत. तरीही निवडल्याने प्रमाण घटते, शून्य होत नाही. निरोगी दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकते. शक्य असल्यास प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घेऊन, ते एकत्र मिसळून प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. एकाच जागेचा मूठभर नमुना फसवा ठरतो. तपासणी होईपर्यंत बाळाला हा मका देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओलाव्याची परीक्षा घरीही करता येते. काचेच्या कोरड्या बरणीत एक तृतीयांश दाणे आणि थोडे कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे व पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात साधारण 15 टक्क्यांहून अधिक ओलावा आहे. मीठ चिकटले नाही म्हणजे विष नाही, असा अर्थ मात्र घेऊ नये. साठवणीसाठी ओलावा 13 टक्क्यांच्या आसपास हवा. हवाबंद पिशव्या उत्तम, पण त्यांत भरण्याआधी दाणे वाळलेले असले पाहिजेत. तळाचा माल हाताळताना नाकातोंडावर कापड बांधावे आणि जनावरे व कोंबड्या उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात तो पुरावा.