मदत हवी आहे: कॉईल बदलल्यापासून बोटीचं इंजिन सुरू होईना

मंडळी, शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावची पुरासाठीची रबरी बोट आहे. इंजिन २५ एचपी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोरीनं ओढायचं. फ्लायव्हील (इंजिनावरचं जड फिरतं चाक) काढून आतली स्पार्कची कॉईल बदलली, तेव्हापासून बंद. मधूनच फटाका वाजतो आणि दोरी हाताला उलटा झटका देते. स्पार्क दोन्ही प्लगला आहे, प्लग पेट्रोलनं ओले. पुसून, चोक न देताही ओढून बघितलं. पेट्रोल ताजं, पेट्रोल-ऑईल मिश्रण ५०:१, गिअर न्यूट्रल, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) क्लिप जागेवर. प्लगच्या वायरी अदलाबदल नाहीत. गावातले मोटरसायकलवाले कार्बोरेटरच्याच मागे लागलेत, मला मात्र फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर जागेवर धरणारी धातूची छोटी पट्टी) तुटून टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, सरकल्याचा संशय आहे. मेकॅनिक बाहेरगावचा, लगेच येणार नाही. पुलर (फ्लायव्हील ओढून काढायचं अवजार) उद्यमनगरातून आणावा लागेल. त्याआधी, फ्लायव्हील न काढता चावी शाबूत आहे का हे कसं तपासायचं?