सम्यक वाचा आणि स्क्रीनशॉट
ऑनलाइन भांडणात गप्प राहणं हीच बौद्ध करुणा, हे तुमचं मत पटलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माच्या दीक्षेवेळी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया आहे, तशीच सर्व माणसं समान मानण्याचीही प्रतिज्ञा आहे. जातीवरून कुणाला शिवीगाळ होत असेल तर तिथे बोलायलाच हवं. कसं, ते सम्यक वाचेत, म्हणजे बुद्धांच्या अष्टांगिक मार्गातल्या योग्य बोलण्याच्या शिकवणीत, आलंय: खोटं नको, चहाडी नको, कठोर शब्द नकोत, वायफळ बडबड नको. चहाडीत मी स्क्रीनशॉट फिरवणंही धरते; खाजगी चॅटमधलं एखादं वाक्य तोडून दुसऱ्या ग्रुपवर टाकलं की माणसं कायमची दुरावतात. आणि ज्याला शिव्या पडल्या, त्याची आधी विचारपूस करा. शिवी देणाऱ्याला उत्तर नंतरही देता येतं.